कामठी स्टेशन नेमकं कोणत्या सालचं? वय कसं शोधावं आणि काम संपायच्या आत काय नोंदवावं

कामठीच्या एका तरुण गटाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "अमृत भारत योजनेत आमच्या स्टेशनचं काम निघालं आहे. जुन्या भागातलं काय राहील, काय जाईल ते कळत नाही. आम्हाला स्टेशनचा इतिहास लिहून एक फलक लावायचा आहे. कुणी १८६७ सांगतं, कुणी १८८०, कुणी नुसतंच 'इंग्रजांच्या काळातलं' म्हणतं. खरं साल कसं शोधायचं? आणि आत्ता काय काय नोंदवून ठेवायचं?"

तुम्ही एक साल शोधताय. स्टेशनाला मात्र कमीत कमी चार सालं असतात. त्या मार्गावर पहिली गाडी धावली ते एक. त्या ठिकाणी गाडी थांबू लागली, तिकीट मिळू लागलं ते दुसरं. आज उभी आहे ती इमारत बांधली ते तिसरं. आणि आजचे फलाट, पूल, यार्ड यांची आखणी झाली ते चौथं. वाद होतो तो एकाचं साल दुसऱ्याला चिकटवल्यामुळे. आपल्या नागपूर स्टेशनाचंच बघा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जुन्या लोकांची जीआयपी, १८६७ साली बडनेऱ्याहून नागपूरला पोचली. पण वालुकाश्मातली आजची इमारत १५ जानेवारी १९२५ रोजी मध्य प्रांताचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते खुली झाली. मार्ग आणि इमारत यांच्यात ५८ वर्षांचं अंतर आहे. या इमारतीखाली १८६७ लिहिलं तर ते चूक, आणि नागपूरला रेल्वे १९२५ साली आली म्हटलं तर तेही चूक.

कामठीच्या बाबतीत १८६७ बाजूला ठेवा. ते साल जीआयपीचं आहे, आणि तुमचा मार्ग जीआयपीने बांधलाच नाही. कामठीवरून जाणारी लाइन नागपूर-छत्तीसगड स्टेट रेल्वे या नावाने सरकारी पैशाने झाली. दुष्काळात छत्तीसगडचं धान्य बाहेर काढायचं आणि एरवी तेच धान्य नागपूरच्या बाजारात आणायचं, हा तिचा हेतू. ती मीटरगेज होती, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १००० मिलिमीटर. नागपूर ते तुमसर हा टप्पा १८८० साली सुरू झाला आणि १८८२ पर्यंत गाडी राजनांदगावला पोचली. म्हणून "या मार्गावर रेल्वे १८८० पासून" हे वाक्य तुम्ही निर्धास्त लिहू शकता. "ही इमारत १८८० ची" हे मात्र अजून लिहू नका.

याचं कारण पुढच्या आठ वर्षांत आहे. १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने ही लाइन घेतली आणि १८८८ साली ती ब्रॉडगेज केली, म्हणजे १६७६ मिलिमीटर. लोक समजतात की गेज बदलणं म्हणजे रूळ थोडे लांब सरकवणं. प्रत्यक्षात स्लीपर बदलतात, पुलांवरचे गर्डर बदलतात, वळणं सौम्य करावी लागतात. डबे रुंद झाले की फलाटाची कडा मागे घ्यावी लागते, गाड्या लांब झाल्या की लूप लाइन, म्हणजे गाडी बाजूला घ्यायची लाइन, वाढवावी लागते, आणि मग मालधक्का नि कोठारं हलतात. पुढे १८९१ साली हीच लाइन आसनसोलपर्यंत जाऊन भिडली आणि १९०० नंतर हावड्याशी थेट जोडली गेली. धान्यासाठी बांधलेली एक छोटी मीटरगेज लाइन वीस वर्षांत मुंबई-कलकत्ता मार्गाचा भाग झाली. एवढ्या उलथापालथीत १८८० ची इमारत जशीच्या तशी टिकली असं कुणी म्हटलं तर पुरावा मागायचा. टिकलीच नसेल असंही नाही. छोट्या स्टेशनांवर जुनी खोली दिवाबत्तीची किंवा गॅंगच्या सामानाची खोली म्हणून मागे उरलेली बरेचदा सापडते. मुख्य इमारतीइतकंच लक्ष अशा आडबाजूच्या खोल्यांकडे द्या.

मालकीची ही साखळी पाठ करून ठेवा, कारण कागद कुठे शोधायचे ते तिच्यावर ठरतं: १८८० नागपूर-छत्तीसगड स्टेट रेल्वे, १८८८ बंगाल नागपूर रेल्वे, १९४४ साली कंपनीकडून सरकारी व्यवस्थापन, १९५२ पूर्व रेल्वे, १९५५ दक्षिण पूर्व रेल्वे, २००३ दक्षिण पूर्व मध्य रेल्वे, म्हणजे दपूम. बंगाल नागपूरचं मुख्यालय कलकत्त्याला गार्डन रीच इथे होतं, आताच्या दपूम रेल्वेचं बिलासपूरला आहे. म्हणजे कामठीचा जुना कागद मुंबईत सापडण्याची शक्यता जवळजवळ नाही. नागपुरातल्या जीआयपीच्या बाजूच्या अजनी स्टेशनचा शोध घेणाऱ्याने मुंबईकडे जायचं, कामठी किंवा इतवारीचा घेणाऱ्याने कलकत्ता-बिलासपूरकडे. फलाटावर उभं राहूनही हे दिसतं. अजनीला विजेच्या खांबांवरचे किलोमीटर मुंबईपासून मोजलेले आहेत आणि आठशेच्या घरात आहेत. कामठीचे हावड्यापासून मोजलेले आहेत आणि हजाराच्या पुढे जातात. दोन स्टेशनं एकाच शहराच्या दोन अंगांना, पण मोजणी दोन टोकांकडून. हा फरक फलकावर टाकला तर प्रवाशाला दोन कंपन्यांची गोष्ट एका दमात समजेल.

आता इमारत कशी वाचायची ते. इथून पुढचं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे: काम किती पुढे गेलं आहे, गिलावा कुठे उघडा पडला आहे, आत जायची परवानगी मिळते की नाही. तरी क्रम सांगतो, कारण क्रम चुकला की पुरावा हातचा जातो.

सुरुवात जोत्यापासून करा, कपाळावरच्या नक्षीपासून नको. जुने फलाट सखल होते. आजच्या नियमांत सखल फलाट रुळापासून जास्तीत जास्त ४५५ मिलिमीटर आणि उंच फलाट ७६० ते ८४० मिलिमीटर धरतात. ४५५ चा फलाट ७६० केला की तीनशेहून अधिक मिलिमीटर भर पडते, म्हणजे नेहमीच्या मापाच्या दोन पायऱ्या गडप होतात. दारं ठेंगणी वाटतात, खिडकीचा उंबरठा गुडघ्याशी येतो, कमानीचं प्रमाण बिघडलेलं दिसतं. म्हणून फलाटाच्या बाजूने आणि रस्त्याच्या बाजूने, दोन्हीकडून जोत्याची उंची मोजा. रस्त्याच्या बाजूला दोन-तीन पायऱ्या आणि फलाटाच्या बाजूला एकही नाही, असं असेल तर इमारत फलाट उंच होण्याच्या आधीची आहे हे जवळपास नक्की. सध्या काम चालू आहे तर फलाटाची कडा कुठेतरी खणलेली असेल. तिथे उभ्या छेदात थर दिसतात: दगडी कोपिंग, म्हणजे कडेचे दगड, त्यावर विटा, त्यावर काँक्रीट, त्यावर फरशी. हा छेद बुजला की पुन्हा दिसणार नाही. फोटो काढायचं पहिलं काम हेच समजा.

मग विटा. एकेक वीट मोजत बसू नका. दहा थर दरजांसकट मोजा आणि दहाने भागा, म्हणजे भट्टीतली कमीजास्त निघून जाते. हेच तीन-चार ठिकाणी करा आणि प्रत्येक ठिकाण नकाशावर टिंब देऊन दाखवा. जुनी इंग्रजी मापाची वीट साधारण ९ × ४½ × ३ इंच असते, दशमान पद्धतीची १९० × ९० × ९० मिलिमीटर. १९० ची वीट मिळाली तर ती भिंत १९५० च्या दशकाच्या अखेरीनंतरची. पण ९ इंची मिळाली म्हणून काहीच सिद्ध होत नाही, कारण आपल्याकडच्या भट्ट्या ते माप आजही पाडतात. वीट तुम्हाला "याच्या आधीचं नाही" एवढंच सांगू शकते. "इतकं जुनं आहे" हे ती सांगत नाही. एकाच भिंतीत दोन मापं दिसली तर आनंद माना, तिथे वाढीव बांधकामाचा सांधा आहे.

दरजेतला मसाला चुन्याचा की सिमेंटचा हे गिलावा आधीच पडलेल्या जागीच पाहा. चुना पांढुरका, नखाने किंवा खिळ्याच्या टोकाने सहज उकरणारा, मधूनमधून न विरघळलेले पांढरे कण असलेला असतो. सिमेंट करडं आणि कडक. व्हिनेगर टाकून बुडबुडे पाहायची एक युक्ती सगळीकडे सांगतात. ती इथे कामाची नाही, कारण बुडबुडे दोन्हींतून येतात. आणि चुन्याची भिंत सापडली तर कंत्राटदाराला एक गोष्ट लेखी सांगायला हवी: तिच्या दरजा सिमेंटने भरू नका. ओल चुन्याच्या दरजेतून बाहेर पडते. ती वाट बंद झाली की पाणी विटेतून निघू लागतं, क्षार वर येतात आणि पाच-सात पावसाळ्यांत विटांचे पापुद्रे सुटतात. दोष विटेचा नसतो. दुरुस्ती एक भाग चुना आणि तीन भाग स्वच्छ वाळू अशा मसाल्याने व्हावी. हे काम सावकाश होतं आणि त्याला दोन-तीन आठवडे ओलावा द्यावा लागतो. मुदतीच्या घाईत टाळाटाळ होते ती इथेच.

छत गर्डर आणि विटांच्या छोट्या कमानींचं असेल, ज्याला मिस्त्री जॅक आर्च म्हणतात, तर गर्डरच्या पोटावर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. डॉर्मन लाँग हे इंग्लंडचं नाव जुन्या गर्डरांवर सर्रास दिसतं. टाटाचं नाव असेल तर गर्डर १९१२ च्या आधीचा असूच शकत नाही, कारण जमशेदपूरच्या कारखान्यातून पोलाद निघायला त्या वर्षी सुरुवात झाली. मंगलोरी कौलांवरही कारखान्याचा शिक्का असतो. तो टिपून ठेवा, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. वादळ, माकडं, गळती, कारणं अनेक, आणि कौलं बदलली गेलेली असतात.

सगळ्यांत बोलका पुरावा म्हणजे रूळ. गाड्यांच्या मार्गातले नव्हेत, तिथे जायचंच नाही. मार्गातून काढलेले जुने रूळ रेल्वे कधी फेकत नसे. कुंपणाचे खांब, शेडचे खांब, पाण्याच्या टाकीचा आधार, नामफलकाचे पाय, सगळीकडे तेच. रुळाच्या मधल्या पातळ भागावर, ज्याला पोट म्हणतात, कारखान्याचं नाव, यार्डाला किती पौंड ते वजन, आणि महिना-वर्ष उठवलेलं असतं. महिना कधी रोमन आकड्यात, कधी नुसत्या उभ्या रेघांनी दाखवतात. "९० आर" दिसलं तर तो यार्डाला ९० पौंडांचा, म्हणजे मीटरला सुमारे ४४.६ किलोचा ब्रॉडगेजचा रूळ. ५० किंवा त्याहून कमी पौंडांचा रूळ मिळाला तर कान टवकारा. तो मीटरगेजचा असू शकतो किंवा नॅरोगेजचा. नागपूरच्या आसपास ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेज लाइनी अगदी अलीकडेपर्यंत होत्या, नागभीडची तर नोव्हेंबर २०१९ पर्यंत धावत होती. तेव्हा हलका रूळ दिसला की लगेच "मीटरगेज सापडली" म्हणू नका, साल वाचा. १८८० च्या आसपासचं साल असेल तरच तो दावा उभा राहतो. भिलाईचा रूळ असेल तर तो १९६० च्या आधीचा नाही. आणि मुख्य नियम: खांबावरचं साल रुळाचं असतं, शेडचं नसतं. १८९० चा रूळ चाळीस वर्षं मार्गात राहून मग शेडचा खांब झालेला असू शकतो. शेड त्या सालानंतरची, इतकंच म्हणता येतं.

रंगाच्या थराखाली ही अक्षरं बुजलेली असतात. रंग खरवडू नका, खडू घासू नका. संध्याकाळी उजेड कमी झाला की विजेरी खांबाला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाका, अक्षरं आपोआप उठून दिसतात. फोटो त्याच प्रकाशात घ्या, विजेरी दोन्ही बाजूंनी आळीपाळीने धरून.

सुट्या वस्तूंची यादी वेगळी करा. जुनी सिग्नल केबिन आणि तिच्यातले सिग्नल-सांधे हलवायचे खटके, खटक्यांच्या चौकटीवरची सॅक्सबी अँड फार्मरसारखी बनवणाऱ्याची पट्टी, एकेरी मार्गाच्या काळातलं गोळ्याचं यंत्र (पुढचा मार्ग मोकळा असल्याची खूण म्हणून ड्रायव्हरला द्यायचा गोळा त्यातून निघे), वजनकाटा, बिडाच्या पायांचा बाक, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, इंजिनाला पाणी देणारा स्तंभ, फलाटाच्या शेडची लाकडी झालर. यातलं कामठीत जे असेल ते लिहा. जे नाही त्याचा उल्लेख "असावं" म्हणून करू नका.

मोजणीसाठी तिघं पुरतात: दोघं टेप धरायला, एक लिहायला. ३० मीटरचा टेप घ्या. भिंतीच्या एका कोपऱ्याला शून्य धरून सलग वाचन घ्या: दाराची सुरुवात १.२४, शेवट २.४६, खिडकी ३.९०, असं. तुकडे मोजून बेरीज केली की प्रत्येक तुकड्याची चूक साठत जाते. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्या, नाहीतर कागदावर खोली काटकोनात येते आणि प्रत्यक्षात तशी नसते. दहा मीटरमागे दोन सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा मोजा. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीत मोजता येते. नकाशा १:५० मापात, झालर आणि कमानीचे तपशील १:१० मापात. बाजू सांगताना डावी-उजवी लिहू नका. "नागपूर बाजू", "हावडा बाजू", "गाव बाजू" असं लिहा. रेल्वेचा माणूस अशीच भाषा बोलतो आणि पन्नास वर्षांनीही ती बदलत नाही.

फोटोंबद्दल दोनच सूचना. प्रत्येक दर्शनी भागाचा एक फोटो अगदी समोरून, दहा-दहा सेंटिमीटरच्या खुणा केलेली मीटरपट्टी चौकटीत ठेवून. आणि फोटो एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे पाठवू नका. आकार दाबला जातो, तारखेची माहितीही उडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा सरळ पेनड्राइव्हवर घ्या.

परवानगी आधी घ्या, मागाहून नको. नागपुरात दोन मंडल कार्यालयं आहेत, मध्य रेल्वेचं एक आणि दपूम रेल्वेचं एक. कामठी दपूमकडे आहे. अर्ज चुकीच्या दारात पडला की नुसता फिरत राहतो. अर्जात तारीख, वेळ, प्रत्येकाचं नाव, "रुळांवर उतरणार नाही" हे वाक्य आणि "व्यावसायिक उपयोग नाही" हे वाक्य असू द्या. मोजणीसाठी तिपाई किंवा लेझर न्यायचं असेल तर तेही लिहा, नाहीतर फलाटावरचा जवान थांबवेल, आणि त्याचं बरोबरच असेल. विनापरवाना रुळांवर जाणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. ड्रोनचा विचारही नको, शेजारी छावणी आहे.

कागदांकडे वळू. सगळ्यांत जवळचा कागद स्टेशन मास्तरांकडे नसतो, तो कामं पाहणाऱ्या सेक्शन इंजिनिअरच्या कचेरीत असतो, जिला जुने लोक अजून आयओडब्ल्यू (इन्स्पेक्टर ऑफ वर्क्स) ऑफिस म्हणतात. तिथे इमारतींची नोंदवही असते: इमारतीचा क्रमांक, वापर, क्षेत्रफळ, बांधल्याचं वर्ष. हे वर्ष जपून वापरा. पुष्कळदा ते मोठ्या दुरुस्तीचं किंवा नोंदवही नव्याने लिहिली तेव्हा अंदाजाने टाकलेलं असतं. त्याला आराखड्याची साथ हवी. काम पूर्ण झाल्यावर काढलेला नकाशा, स्टेशन यार्डाचा मापाला धरून काढलेला नकाशा आणि जमिनीचा नकाशा, हे तीन मागा. नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत कंपनीचं नाव, नकाशा क्रमांक, तारीख आणि दुरुस्त्यांची यादी असते. ती यादी म्हणजेच तुमच्या स्टेशनाचा इतिहास, कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला.

तोंडी विचारून मिळालं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरून अर्ज करता येतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, प्रतीला पानामागे २ रुपये. इथे बहुतेकांचा अर्ज फुकट जातो, कारण ते विचारतात, "कामठी स्टेशन कधी बांधले?" उत्तर येतं, "माहिती उपलब्ध नाही." प्रश्न विचारू नका, कागद मागा: "कामठी स्थानकाच्या इमारतींच्या नोंदवहीतील संबंधित पानांची प्रत, स्थानक इमारतीच्या उपलब्ध सर्वांत जुन्या पूर्णत्व नकाशाची प्रत, सध्याच्या कामात पाडायच्या व राखायच्या बांधकामांची यादी." तिसरी ओळ विसरू नका. यार्ड नकाशाचे काही भाग सुरक्षेच्या कारणाने नाकारले जाऊ शकतात. इमारतीचा नकाशा सहसा अडत नाही.

त्यापुढे राष्ट्रीय अभिलेखागार. त्यांच्या अभिलेख पटल या संकेतस्थळावर सूची शोधता येते. रेल्वे बोर्ड १९०५ साली झालं, त्याआधीचं सगळं सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कागदांत आहे. १८८० चा शोध "रेल्वे" विभागात घेतला तर हाती काही लागणार नाही. कामठीचं इंग्रजी स्पेलिंग त्या काळी वेगवेगळं लिहीत, तेव्हा कॅम्प्टी, कामटी, कामठी असे सगळे उच्चार लिहून पाहा, आणि नुसत्या "नागपूर-छत्तीसगड" वरही शोधा. नागपुरात राज्य पुराभिलेखागाराची शाखा आहे, विदर्भ संशोधन मंडळ आहे. रसेल यांनी संपादित केलेलं नागपूर जिल्ह्याचं १९०८ चं गॅझेटिअर दळणवळणाच्या प्रकरणासाठी जरूर वाचा, कारण लाइन उघडल्यानंतर अवघ्या तीस वर्षांत लिहिलेलं ते वर्णन आहे. १९११ नंतरच्या घडामोडींसाठी हितवादच्या जुन्या अंकांत पाहा. उद्घाटनाची बातमी शोधण्यापेक्षा निविदा आणि वेळापत्रकाच्या जाहिराती शोधा. छोट्या स्टेशनाचं उद्घाटन क्वचित छापून येतं, निविदा मात्र छापून येतेच.

माणसांकडून माहिती घेताना "स्टेशन कधी झालं?" हा प्रश्न निरुपयोगी. निवृत्त सांधेवाले, गॅंगमन, हमाल, मालधक्क्यावर विड्यांची नि कापडाची बिल्टी करणारे अडत्ये, यांना वस्तू दाखवून विचारा. "हा दरवाजा कुठे उघडायचा?" "वाफेचं इंजिन पाणी कुठे घ्यायचं?" "विणकरांच्या गाठी कुठे उतरायच्या?" उत्तर नकाशावर बोट ठेवून घ्या आणि तिथेच लिहा. दोन माणसांनी एकमेकांना न भेटता एकच जागा दाखवली तर ती धरायची. हातमाग, विडी आणि छावणी यांच्यावर जगलेलं हे गाव आहे. मालधक्क्याचा इतिहास फलाटाच्या इतिहासाहून कमी समजू नका, उलट पाडकामात पहिली जाते ती मालधक्क्याची जुनी खोली, कारण तिच्यापाशी फोटो काढायला कुणी जात नाही.

वाचवण्याबद्दल स्पष्ट बोलतो. इमारत शंभर वर्षांची झाली म्हणून कायद्याचं संरक्षण आपोआप मिळत नाही, त्यासाठी ती घोषित व्हावी लागते. नागपूरची वारसा संवर्धन समिती शहराच्या हद्दीसाठी आहे, कामठीत तिचं चालत नाही. तेव्हा तुमचा खरा श्रोता दपूमचं मंडल कार्यालयच. त्यांच्याकडे भावनिक निवेदन देऊ नका, यादी द्या: वस्तू, नेमकी जागा, माप, फोटो क्रमांक, आणि प्रत्येकीपुढे एक मागणी. "जागेवरच ठेवावी", "नव्या प्रतीक्षालयात लावावी", किंवा "मोतीबागच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात द्यावी". नागपुरातलं हे संग्रहालय २००२ पासून आहे आणि याच रेल्वेचं आहे, म्हणून तिसरी मागणी मान्य होणं सगळ्यांत सोपं. यादी वस्तू भंगारात जमा होण्याआधी पोचली पाहिजे. एकदा ती वजनावर भंगाराच्या ढिगात धरली गेली की लिलावाशिवाय बाहेर निघत नाही, मग अधिकाऱ्याची इच्छा असली तरी त्याचे हात बांधलेले असतात. इतवारीचं काम पूर्ण होऊन २२ मे २०२५ रोजी त्याचं उद्घाटनही झालं. तुमच्या हातात किती वेळ आहे याचा अंदाज त्यावरून घ्या.

फलकाचा मजकूर मी असा लिहीन: "या मार्गावर नागपूर ते तुमसर मीटरगेज रेल्वे १८८० साली सुरू झाली. बंगाल नागपूर रेल्वेने १८८८ साली तिचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर केले. १८९१ साली हा मार्ग आसनसोलपर्यंत पूर्ण झाला. येथील किलोमीटर हावड्यापासून मोजले जातात." चौथी ओळ झाली की एक जागा मोकळी ठेवा. इमारतीचं साल नकाशाच्या चौकटीतून मिळालं की तिथे भरा. तोपर्यंत "सुमारे" लावूनही ते लिहू नका, कारण फलकावरचं "सुमारे" पुढच्या वर्षी वर्तमानपत्रात गळून पडतं आणि नुसता आकडा उरतो.

कामाचा क्रम असा ठेवा: या आठवड्यात खणलेल्या फलाटाचा छेद, मालधक्का आणि आडबाजूच्या खोल्या यांचे फोटो, जिथे लोकांना जायची मुभा आहे तिथून. त्याच दिवशी परवानगीचा अर्ज आणि माहिती अधिकाराचा अर्ज. परवानगी आली की मोजणी आणि वस्तूंची यादी. यादी मंडल कार्यालयात दिली की पोच घ्या. सगळ्या नोंदींच्या तीन प्रती करा: एक तुमच्या वाचनालयात, एक मोतीबागला, एक विदर्भ संशोधन मंडळाकडे. गॅझेटिअर आणि अभिलेखागार पळून जात नाहीत, ते पावसाळ्यात करा.